राजीखुशीने

"ए, ऊठ तठून. तू वर."

क्लीनर माझ्याकडे न बघताच बोलला. सोनगीरच्या थांब्यावर धुळ्याला जाणारी सर्व्हिस मोटर उभी होती आणि मी आत, मागच्या बाकावर बसले होते. पूर्ण तिकीट काढून. मोटर रिकामी होती तोवर मी कुणाच्या डोळ्यांत खुपले नव्हते. मग पाटलांकडची अक्का आली. हातात नारळाची परडी, पाण्याचा तांब्या, देवीचा नवस फेडायला निघालेली. पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथंच थबकली. गाव लहान. कोण कुठल्या वस्तीतलं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"हाई मझार बाकवर कशी बसनी? हिले वर बसाड. मी देवीले चालनी शे."

मी म्हटलं, "मन्हं तिकीट शे."

"तिकीट टपवर बी चालस," क्लीनर म्हणाला. आतले दोघं-तिघं हसले. मोटरचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणतात, तो ड्रायव्हरशी बोलत खालीच उभा होता. त्यानं ऐकलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. क्लीनरनं माझं गाठोडं उचलून खाली टाकलं. मी त्याच्यामागे उतरले. अक्कानं तांब्यातलं पाणी मी बसले होते त्या बाकावर शिंपडलं आणि तिथं आपली परडी ठेवली. मोटरच्या मागे लोखंडी शिडी होती, तिच्यावरून मी टपावर चढले. नारळ आत बसले, माणूस वर गेलं. माझं तोंड तापलं होतं, पण धुळ्याला जीनच्या कारखान्यावर कापूस निवडायच्या कामाला हजर व्हायचं होतं. चुकलं तर मुकादम दुसरीला घेतो. म्हणून चढले.

हे मी सांगतेय आणि आमच्या वस्तीतले मास्तर लिहून घेताहेत. माझी बोली ते शहरी करतात, करू देत. पण जो जे बोलला ते तसंच लिहा, असं त्यांना बजावलंय. आणि माझं एकही वाक्य गोड करायचं नाही.

नगावच्या अलीकडे रस्त्यात बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरनं मोटर वळवली, ती रस्ता सोडून खाली उतरली आणि निंबाच्या झाडाला धडकली. आतल्यांना बाकाची दांडी धरायला मिळाली. अक्काचं कपाळ फुटलं, एकाचा दात पडला. टपावर धरायला काय असतं? पोती आणि ट्रंका. मी पोत्यासकट खाली आले. डावा हात अंगाखाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, आणि तो आवाज माझा आहे हे समजायलाही थोडा वेळ लागला.

जखमींना दुसऱ्या मोटरनं धुळ्याला नेलं. त्या मोटरीच्या टपावर कुणाला बसवलं, हे मी आता सांगत बसत नाही.

हात बांधला, पण हाड वाकडं जुळलं. कोपरापासून हात बाहेर वळला, बोटं मिटेनात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "हाड पुन्हा मोडून नीट बसवावं लागेल. उशीर कराल तितकं अवघड." त्याला महिना-दीड महिना दवाखान्यात राहायचं, एक माणूस जवळ हवं, त्याची मजुरी बुडणार, खायचं कुठून? कापूस निवडायला दोन हात लागतात. ज्या बाईचा एकच हात चालतो, तिला जीनच्या फाटकातूनच परत पाठवतात. मलाही पाठवलं.

तेवढ्यात समजलं की मोटरचा विमा आहे. जर्मनची लढाई संपल्यावर नवा कायदा लागू झालाय म्हणे, भाड्याच्या मोटरला विमा उतरवावाच लागतो, आणि मोटरीत कुणी जखमी झालं तर विम्याची कंपनी भरपाई देते. माझ्या आबांना ही गोष्ट खरी वाटेना. आपला हात मोडला तर त्याचे पैसे कोण परका कशाला देईल, म्हणाले. मी मात्र रोज त्या पैशातून हात सरळ करून घेत होते. मनातल्या मनात.

कंपनीचे साहेब चौकशीला आले, ते शेठच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. कोट घातलेला, आवाज मऊ. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. वाईट असता तर बरं झालं असतं, मी लवकर सावध झाले असते. आबा आणि मी ओट्याखाली अंगणात उभे. शेठ साहेबांच्या शेजारी, पानाचा डबा पुढे सरकवत.

साहेबांनी मला काही विचारलंच नाही. पोरीचा बाप उभा असताना पोरीला कशाला विचारायचं? त्यांनी आबांना विचारलं, "काय हो, मुलगी टपावर राजीखुशीने बसली होती ना?"

आबांना शहरी बोलणं झेपत नाही. वाक्यातला एकच शब्द त्यांना ओळखीचा वाटला. आमच्याकडे पाहुणा भेटला की विचारतो, राजीखुशी शे ना? आणि घरात काहीही झालेलं असो, उत्तर एकच द्यायचं असतं, सगळं ठीक. ती रीत आहे. आबांनी हात जोडले.

"हां साहेब, बठ्ठं राजीखुशी शे. पोरना हात तेवढा मोडी ग्या."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. शेठनं पानाला चुना लावता लावता खाली बघितलं. तो हसत होता. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं की साहेबांनी खुशाली विचारली. घरी येईपर्यंत आबा खुशीत होते. "केवढा मोठा साहेब, पन राजीखुशी इचारस," असं वाटेत भेटेल त्याला सांगत होते. आयुष्यात एका कोटवाल्यानं पहिल्यांदा त्यांची विचारपूस केली होती. ती विचारपूस नव्हती हे आम्हा दोघांनाही नंतर कळलं.

दुसऱ्या खेपेला साहेब जबाब शाईनं लिहून घेऊन आले. अंगठा द्यायचा आणि पैसे घ्यायचे. अक्कालाही बोलावलं होतं. तिचं कपाळ फुटलं त्याची भरपाई तिला मिळाली होती, आता माझ्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून तिची सही हवी होती. ती ओट्यावर सतरंजीवर बसली. आम्ही खाली, आमच्या जागी.

साहेबांनी वाचून दाखवलं. सगळं लांबलचक होतं, पण एक वाक्य माझ्या कानात रुतलं. "सदर बाई आत जागा असतानाही टपावर राजीखुशीने चढून बसली."

साहेब समजावणीच्या सुरात पुढे बोलले. टपावर आपण होऊन बसलेल्याला कंपनी खरं तर काहीच देणं लागत नाही. तरीपण शेठनी रदबदली केली, म्हणून दयेखातर एवढी रक्कम देतोय. ती रक्कम दवाखान्याला जेमतेम पुरली असती. पण पुरली असती.

मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आता समजत होतं.

आणि तेवढ्यात अक्का भडकली.

"राजीखुशीनं? कसानी राजीखुशी? ती मझार बसेल व्हती. मीच सांगं, हिले वर बसाड. देवीले जाताना मी इटाळ करी लेसू का? उद्या लोक म्हनतीन, अक्का हिना बाजूमा बसीसन नवस फेडाले गयी!"

शेठ घाईघाईनं म्हणाला, "अक्का, राहू द्या ना, ते नुसतं लिहिण्यापुरतं आहे." पण अक्का ऐकेना. तिला माझी दया आली होती असं कुणी समजू नका. तिच्या सोवळ्यावर डाग येत होता, तो तिला पुसायचा होता. बाकावर पाणी कसं शिंपडलं तेही तिनं हातानं करून दाखवलं. जगात माझ्या बाजूनं खरं बोलणारी एकच बाई निघाली, आणि ती हीच.

मी साहेबांना म्हटलं, "तिनी सांगं ते लिखा. मंग मी आंगठा देसू."

साहेबांनी टाक हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. "अशा गोष्टी जबाबात येत नसतात," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "हे बघ, तुला कुणी उचलून टपावर ठेवलं का? तू आपल्या पायांनीच चढलीस ना?"

या प्रश्नाला मला नाही म्हणता येईना. कारण खरंच, मी आपल्या पायांनीच चढले होते. जन्मापासून आपल्या पायांनीच सगळं केलं. शाळेत आपल्या पायांनी बाहेरच्या ओसरीवर जाऊन बसले. पाणवठ्यावर कुणी ढकललं नाही, आपल्या पायांनीच लांब उभी राहिले. आता या अंगणातही आपल्या पायांनीच उभी होते. कुणी कधी उचलून ठेवलं नाही. आम्हाला इतकं चांगलं वळण लावलंय की कुणाला हात लावायची गरजच पडत नाही. वर पुन्हा आमच्याकडूनच लिहून घ्यायचं की आम्ही खुशीनं गेलो.

"पाय मन्हा व्हतात, साहेब," मी म्हटलं. "हुकूम कोना व्हता?"

शेठ ओरडला, "आबा, पोरीला आवर! मिळतंय ते घालवून बसाल!"

आबा माझ्याजवळ आले. त्यांनी माझा वाकडा हात हातात घेतला आणि रडायला लागले. "पैसा लई ले ना माय," म्हणाले. "एक शब्द तर शे. हात नीट व्हई जाई." त्यांना कसं नाही म्हणू? ज्या माणसानं आपल्या ताटातलं मला वाढलं, तो रडून माझा अंगठा मागत होता, माझ्यासाठीच. त्या क्षणी मला शेठचा आला नाही इतका राग आबांचा आला. मग स्वतःचा आला. मग सगळा राग जिथं जायला हवा तिथं, ओट्यावर गेला.

मी अंगठा दिला नाही. साहेबांनी कागद बॅगेत घातले. आम्ही घरी आलो.

हात वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, आता मोडूनही उपयोग नाही. आबा माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, हिला माज आलाय, गरिबाला असला माज परवडत नाही. मी त्यांच्याशी भांडले नाही. वेदना रात्रंदिवस माझ्याच हातात होती, त्यांच्या नाही. कधी कधी मलाही वाटलं, द्यायला हवा होता अंगठा. हेही मास्तरांना लिहायला लावलंय.

मग जळगावच्या एका तरुण वकिलांची मास्तरांनी गाठ घालून दिली. आमच्यातलेच आहेत, फी मागितली नाही. धुळ्याच्या कोर्टात दावा लागलाय. तुझ्याकडून साक्षीला कोण, असं वकिलांनी विचारलं. मी अक्काचं नाव सांगितलं. ते दचकले. "ती तुझ्या विरुद्ध बोलेल," म्हणाले. मी म्हटलं, बोलू द्या. ती जे ओट्यावर बोलली तेच बोलू द्या. ती खोटं बोलणार नाही, कारण तिला त्याची लाजच वाटत नाही.

परवा शेठचा माणूस निरोप घेऊन आला होता. आता पहिल्यापेक्षा जास्त देतात. राजीखुशीचं वाक्यही काढून टाकायला तयार आहेत. टपावर कशी गेली हा विषयच नको, म्हणतात. दावा तेवढा मागे घे.

मी त्याला दारातूनच परत पाठवलं. वाक्य काढून मोकळी जागा सोडलेली मला चालणार नाही. त्या जागी काय झालं ते लिहा. अक्कानं पिंजऱ्यात उभं राहून, सगळ्या कोर्टासमोर, तोंडानं सांगायचं की माणूस उठवून नारळ बसवले. शेठनं ते ऐकायचं. साहेबांनी ऐकायचं. कारकुनानं अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचं. पैसे मिळोत, न मिळोत. माझा अंगठा लागला तर त्या कागदाखाली लागेल. दुसऱ्या कुठल्याही कागदाखाली आता लागणार नाही.