पायऱ्या किती, सावली कुठं

उमरग्यात आमच्या घराखाली शिंपीकाकांचं दुकान आहे. हैदराबादला मुलांना घेऊन जाणारे लोक माझ्याकडून ठिकाणांची यादी नेतात आणि गळ्यात टेप अडकवलेले काका तिच्यातल्या उणिवा काढतात. "पायऱ्या किती? लेकरू दमलं तर बसायचं कुठं?"

त्यांचा मुलगा हैदराबादलाच असतो. या सुट्टीत नातवंडांना आपणच फिरवायचं, म्हणून काकांनीही यादी नेली. निघायच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला. "आप्पा, प्राणिसंग्रहालय, तारांगण, सगळं शाळेनं दाखवलंय. उन्हाचं कशाला येता?"

"बरं झालं की," म्हणत काकांनी मशीन सुरू केलं.

तरी ते गेले, मुलाला न कळवता. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे. "लिवा ताई. वाघापाशी सावली न्हाय. तारांगणाला चौतीस पायऱ्या, पण मधी कट्टा हाय. म्या बसून बघितलं."

मी लिहून घेतलं. "किती वेळ बसलात?"

"लई वेळ. कुणाचंबी लेकरू यायचं, शेजारी टेकायचं. आईनं हाक मारली की उठून जायचं."