भाव उघडा, जनावर झाकलेले

घाटनांदूरच्या एसटीत शेजारी बसलेला बैलांचा दलाल माझ्या मोबाईलमध्ये निःसंकोच डोकावत होता. निवृत्तीची निम्मी रक्कम मी एका महागड्या शेअरमध्ये घालणार होतो. तसे मी त्याला सांगितले.

त्याने मिशीवरून सावकाश बोट फिरवले. "मालक, आमच्या बाजारात जनावर उघडं असतं, भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. तुमच्यात भाव साऱ्यांला दिसतो, जनावर कुणीच बघितलं न्हाई. दात मोजल्याबिगर वय कळतं व्हय?"

"ताळेबंद वाचला आहे."

"लिवला कुणी?"

"कंपनीने."

"म्हंजी इकणाऱ्यानंच दात सांगितले!"

मी मोबाईल खिशात ठेवला. तेव्हा तो जवळ सरकला. "माझ्याकडं एक खोंड हाय. दोनच दात, अजून कवळा. इस्वास ठिवा."

रक्कम बँकेतच राहिली. खोंड पाहायला मात्र मी गेलो. दात सहा निघाले.