केंजीचा रंग खुलला!

मी आजवर एकाच मुक्या प्राण्याची मनापासून सेवा केली, आणि तो त्या सेवेतून थोडक्यात वाचला.

प्राणी म्हणजे सरडा. मालकीण आमच्या शेजारीण, नाकानो-सान. कंपनीने मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, टोकियोला पाठवलं आणि आम्ही ओजिमाच्या एका सातमजली बिल्डिंगमध्ये येऊन पडलो, तेव्हा पहिले चार महिने माझ्याशी आपणहून बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या नाकानो-सान. कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. (माझी चुकलेली पिशवी त्या गुपचूप उचलून माझ्या दाराशी आणून ठेवायच्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर एक संत्रं!) माझं जपानी भाजीबाजारापुरतं, त्यांचं मराठी 'पोहे' या एका शब्दापुरतं, पण आमचं मस्त जमायचं. घरात त्यांना सोबत एवढीच: मादागास्करच्या जातीचा हातभर लांब सरडा. नाव केंजी.

मार्च उजाडला आणि नाकानो-सानचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अडीच आठवडे हॉस्पिटल. केंजीचा पिंजरा, त्याचा दिवा आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली आठ पानी वही घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

"बैशारी-सान," (माझं नाव वैशाली. तिथे ते असंच व्हायचं.) "तुमच्यावर सोपवते."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काळजीच करू नका!" त्या क्षणी मला केंजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण आहे हे पुरेपूर कळलं होतं. सरड्यातलं मात्र काडीचं कळत नव्हतं.

वही वाचून दाखवायला आमची आठ वर्षांची सई होती. ती तिथल्याच शाळेत जायची. आपण मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, पण वाचायची फडाफडा. दिवा सकाळी लावायचा. पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, कारण केंजी वाटीतलं पाणी पीत नाही, थेंब चाटतो. दिवसा डोळे मिटून बसला तर ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचं. आणि जेवायला जिवंत रातकिडे, कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळवून! आमच्या घरात अंडंसुद्धा बाहेरच्या बाहेर खायचा नियम. त्या घरात मी रोज सकाळी रातकिडे घोळवायला लागले. भज्यांना पीठ लावतात ना, तसंच. फक्त ही भजी उड्या मारतात.

पहिल्या दिवशी केंजी मातकट तपकिरी होऊन बसला होता.

"अगं, सरडा आजूबाजूच्या वस्तूंचा रंग घेतो," मिलिंद म्हणाला. "शाळेत शिकलोय आपण. हिरवं ठेव काहीतरी."

मी पिंजऱ्याभोवती माझी हिरवी साडी गुंडाळली. वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. केंजीने एक डोळा साडीकडे फिरवला, दुसरा माझ्याकडे, आणि तो तपकिरीचा आणखी तपकिरी झाला.

"थंडी वाजतेय त्याला," मी निदान केलं. घरात सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे स्वयंपाकघर. तिथल्या टेबलावर मी पिंजरा ठेवला. समोरच माझी मांडणी. त्यावर लग्नात आलेले, नाव कोरलेले, चौदा स्टीलचे डबे. (टोकियोला येताना वीस किलोच्या बॅगेत मिलिंदचे स्वेटर बसले नाहीत, कारण डबे बसले.)

आणि काय सांगू! पाच मिनिटांत केंजी बदलला! अंगावर लाल पट्टे आले, मध्ये पिवळे ठिपके, पाठीवर निळी झाक! अंग फुगवून, मान वर करून तो असा उभा राहिला की आता फक्त फेटा बांधायचा बाकी!

"बघ! याला म्हणतात हात लागणं!" मी मिलिंदला म्हटलं.

मिलिंद सॉफ्टवेअरवाला. त्याला नुसता आनंद होऊन चालत नाही, त्यात सुधारणा करावी लागते. "दिव्याची उष्णता वाया जातेय. चकचकीत काहीतरी मागे लावलं की उष्णता परावर्तित होईल." मी सगळे डबे लिंबू लावून घासले आणि पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंनी रचले. उरलेल्या फटींमध्ये ताटं उभी केली. केंजीचा रंग आणखी चढला! तो पुढे-मागे डोलायलासुद्धा लागला. मी कुकर लावताना अभंग गुणगुणायचे, तेव्हा तर तो जास्तच डोलायचा. मिलिंदने संगणकावर तक्ता केला: वेळ, तापमान, लाली.

रोज संध्याकाळी नाकानो-सानचा हॉस्पिटलमधून फोन यायचा.

"केंजीचा रंग कसा आहे?"

"लाल!" मी अभिमानाने सांगायचे. "लाल, पिवळा, निळा! फार सुंदर!"

पलीकडून हळूच, "आऽऽ… सोऽऽ देस काऽऽ…" म्हणजे 'असं होय'. इतकं लांबवलेलं 'असं होय' मी तोवर ऐकलं नव्हतं. बाईंना भरून आलंय, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हवा छान आहे. प्राण्यांचे डॉक्टर स्टेशनजवळच आहेत. तुमचं सहज फिरणं झालं असतं."

"बघ किती गोड बाई!" मी मिलिंदला सांगितलं. "स्वतः आजारी, आणि मी फिरावं म्हणून धडपड!" हवा छान होती, तेवढ्यात मी राहिलेले चमचे घासून घेतले.

शनिवारी आमच्या भागातल्या सहा मराठी बायका भिशीला आल्या. केंजीला बघून सगळ्या वेड्या झाल्या. "अगंबाई, काय तेज आहे!", "पैठणीचे काठ गं हे!" मी नम्रपणे खाली बघत म्हणाले, "काही नाही गं, थोडं लक्ष द्यावं लागतं."

रविवारी सकाळी केंजी काळा पडला. काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा! रातकिड्यांकडे ढुंकून बघेना. (तसा तो चार दिवस जेवतच नव्हता, पण एवढ्या तेजस्वी माणसाला भूक कमीच, अशी आमची समजूत.) आणि मग त्याने भरदिवसा दोन्ही डोळे मिटले.

"आई," सई रडवेली होऊन चक्क मराठीत म्हणाली, "वहीत लिहिलंय, डोळे मिटले तर डॉक्टर."

पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे! डोळ्यांसमोर फक्त नाकानो-सानचे भरलेले डोळे. "दृष्ट लागली त्याला! काल सहा जणींनी बघितलंय!" मी मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन पिंजऱ्यावरून सात वेळा ओवाळल्या आणि गॅसवरच्या तव्यात टाकल्या.

दृष्ट भलतीच कडक असणार. धूर असा उठला की छतावरचं यंत्र ठणाणा करत जपानी बाईच्या गोड आवाजात "आग! आग!" ओरडायला लागलं. सईने पिंजरा उचलून आतल्या खोलीत धूम ठोकली. मिलिंद खोकत टॉवेलने वारा घालत होता. दारात बिल्डिंगचे वृद्ध व्यवस्थापक आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन उभे. मी डोळ्यांतून पाणी काढत, पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत होते. ते "दाईजोबू, दाईजोबू", म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणत स्वतः शिंकत होते. मग आम्ही पिंजरा शालीत गुंडाळला आणि तिघंही स्टेशनकडे पळत सुटलो.

डॉक्टरांच्या टेबलावर शाल काढली, तर आत हिरवागार केंजी! डोळे उघडे, चेहरा शांत! डॉक्टरांनी चिमट्यात रातकिडा धरला. फटकन जीभ बाहेर, रातकिडा गायब.

"तब्येत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. सई भाषांतर करत होती.

"अहो, आत्ता काळा होता! डोळे मिटले होते!" मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. चार दिवस उपाशी राहून त्यांच्यासमोर मिटक्या मारणाऱ्या त्या सरड्याने माझी इज्जत काढली होती.

"त्याच्याजवळ आरसा आहे का?"

"आरसा? छे! मी काय वेडी आहे?" मी बाणेदारपणे सांगितलं आणि पुरावा म्हणून मोबाइलमधला फोटो पुढे केला. फुललेला केंजी आणि भोवती माझी लखलखीत मांडणी.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग पेनाने एकेका डब्यावर बोट ठेवल्यासारखं करत मोजायला लागले. मी वाकून बघितलं आणि मला घामच फुटला. प्रत्येक डब्यात एक केंजी होता! लाल, फुगलेला, पोटावर माझं माहेरचं नाव कोरलेला!

सईने गंभीरपणे सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, सरडा खूश असला की असा साधा हिरवा असतो. लाल-पिवळा होतो तो चिडला की. समोर दुसरा नर दिसला की तो फुगतो आणि डोलतो, म्हणजे 'चल नीघ इथून' म्हणतो. पण हे चौदा जण निघतच नव्हते. सहा दिवस लढून तो दमला. काळा झाला म्हणजे हरलो म्हणाला."

"आणि ताटं?" मिलिंदने हळूच विचारलं.

"ताटं त्यांनी मोजली नाहीत."

त्या दिवसापासून माझे डबे चादरीखाली. केंजी जेवायला लागला, पण मी काही जेवले नाही धड. नाकानो-सान परत आल्या त्या दिवशी मी पाठ केलेल्या जपानीत सगळा गुन्हा कबूल केला आणि जी वाकले ती वर बघायची हिंमत होईना. एक शेजारीण मिळाली होती, तीही गेली, असं वाटून रडूच आलं. वरून कसलातरी आवाज आला. बाई हसत होत्या! नवा गुडघा धरून, भिंतीला टेकून!

"फोनवर लाल ऐकलं तेव्हा मला झोपच लागली नाही," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की! डॉक्टर स्टेशनजवळ आहेत म्हणाले. तुम्ही इतक्या आनंदात होतात, याहून स्पष्ट कसं बोलणार?"

पाडव्याला मी त्यांना जेवायला बोलावलं. खास त्यांच्यासाठी लाल पैठणी नेसले, हिरवा काठ, पिवळा पदर, नाकात नथ. दार उघडलं. नाकानो-सानने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, काठी टेकत एक पाऊल मागे सरकल्या आणि सईला दबक्या आवाजात काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, तुला कोणी चिडवलं का?"

श्रीखंडाला चक्क्याऐवजी स्ट्रॉबेरीचं दही आणल्याबद्दल माझ्याकडून अर्धा तास ऐकून घेतलेल्या मिलिंदने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "सई, त्यांना सांग, निदान अगदी बरोबर आहे."

"मी अजिबात चिडलेली नाहीये!" असं मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या घरात बिचारा केंजी पुन्हा काळा पडला असणार.