पदर झाड

ईशा, अर्णव, परवा व्हिडिओ कॉलवर ईशाने कॅमेरा बंद ठेवला. "नेट नीट नाही गं आजी," म्हणाली. शेजारीच बसलेल्या अर्णवच्या फोनवर मात्र त्याचा चेहरा लख्ख दिसत होता. मला कळलं. मीही वर्षानुवर्षं पदर हनुवटीवर ओढून बसले आहे. म्हणून आता लिहिते. अर्णव, बायकांचा विषय म्हणून अर्ध्यात सोडू नकोस.

मंचरच्या या घरात मी नवी सून होते. मला पाटावर बसवलं होतं. चोरओटी होती. सुनेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात, बाहेर न सांगता, घरच्या बायका भरतात ती.

मला दिवस गेलेले नव्हते. तसं मी सांगितलंही होतं. पाळी सुरू झाली तेव्हापासून माझं असंच, महिनोन्महिने यायचीच नाही. सासूबाई म्हणाल्या, "गप. दृष्ट लागंल."

पाळीतली बाई तेव्हा चुलीपाशी जात नसे. मग भाकरी कोणी थापायच्या ते थोरल्या जाऊबाई, अक्का, ठरवत. कोण कधी बाहेर बसलं ते त्यांच्या पक्कं ध्यानात. मी बरेच महिने बसले नव्हते. अक्कांनी निकाल देऊन टाकला.

त्यांनी पदरात तांदूळ घातले. खण ठेवला, नारळ ठेवला. आणि माझ्या पोटात कळ आली. मांडीला ओल लागली. मी अक्कांच्या कानाशी वाकले.

त्या ताडकन मागे सरकल्या. "आगं बाई! हिला तर कावळा शिवला!"

कोणीतरी हसलं.

"पदर झाड," अक्का म्हणाल्या. "आमी न्हाई शिवायचं आता. तूच झाड."

मी उभी राहिले. पदर झाडला. नारळ गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला. तांदूळ माझ्या पायांवर.

अक्का पुढे म्हणाल्या, "इंग्रजी शिकलीया म्हनं मास्तराची लेक. सोताची पाळी कळंना व्हय!"

आता सगळ्याच हसल्या.

मी परसात कांदा साठवायच्या बराखीला टेकून बसले. अक्कांनी ते तांदूळ झाडून कोंबड्यांना टाकले. कोंबड्या माझ्या पायाशीच टिपत होत्या. मी बी.ए. होते. इंग्रजी कविता पाठ होत्या. माझ्या शरीरात काय चाललंय त्याला मात्र माझ्याजवळ एकाही भाषेत शब्द नव्हता.

पुढे हनुवटीवर केस आले. राठ, काळे. चिमटा मी चिंचेच्या बरणीमागे लपवायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या आजोबांना म्हणाले, "मिसेसना वजन कमी करायला सांगा. मूल झालं की सगळं नीट होईल."

दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तुमचा बाबा झाला. अक्का लेण्याद्रीला जाऊन नवस फेडून आल्या. नीट काही झालं नाही. पाळी तशीच, केस तसेच, मग साखर. पण मूल झालं होतं. आता माझ्या शरीराची चौकशी करायचं कोणाला कारण उरलं नाही.

ईशा, तुलाही तेच निघालं तेव्हा त्या आजाराचं नाव मी तुझ्याकडून ऐकलं. पीसीओएस. मग इंग्रजीत मिळेल ते वाचलं. बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नाही. पुरुषी म्हणतात ते हार्मोन जास्त होतं, म्हणून केस. इन्सुलिन असूनही नीट लागू पडत नाही, म्हणून पुढे साखरेची भीती. घराण्यात उतरू शकतं. कोणाच्या पापाने होत नाही. मुळातून जात नाही, पण सांभाळता येतं. बराखीपाशी बसलेल्या त्या मुलीला एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं.

मग दिवाळीला तुम्ही दोघं आलात. अक्कांनी सगळ्यांदेखत ईशाची हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली.

"पोरीला मिश्या फुटल्या की गं! आजीवर गेलीया. लगीन उरका राव हिचं, त्या गोळ्याबिळ्या बंद करा. येक पोर झालं की जातंय सगळं."

तेच हसू. ईशा, तू माझ्याकडे पाहिलंस.

मी पुढे झाले. "अक्का, तिची हनुवटी सोडा."

"आता गं बया! काय वंगाळ बोलले मी?"

"आधी सोडा. आजार आहे तो. मलाही आहे. पोर झालं म्हणून माझा गेला का? तिच्या गोळ्या बंद होणार नाहीत."

अक्कांनी हात काढला. तुमचा बाबा फराळाच्या ताटात बघत राहिला.

अक्कांना पटलं नाही. संध्याकाळी त्या तुमच्या आईला पुन्हा तेच सांगत होत्या. आणि ईशा, तू परत गेलीस ती चेहरा झाकूनच. मला ते थांबवता आलं नाही. इथून तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येता येत नाही. फोनवर तुझं नाव दिसतं, तू दिसत नाहीस.

तरी ऐक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नकोस. पाळी लांबत गेली तर त्यांना लगेच सांग. चाल, पोटभर जेव, साखर तपासत राहा. अर्णव, तिला कोणी हसलं तर तू ताटात बघू नकोस.

या घरात मी असेपर्यंत कोणाला पदर झाडायला लावू देणार नाही.

आजार आहे. केस अजून येतात. चिमटा आता मोरीतल्या आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.