कुजबुजीतलं आश्वासन

व्लास्ता म्हणजे आमच्या भाषेत सत्ता. आईबापांनी काय विचार करून हे नाव ठेवलं देव जाणे, कारण तिची सत्ता चालली ती शेंबडी नाकं पुसण्यापुरती. हे मी रागाने म्हणतेय, आणि राग अजून गेलेला नाही. मी श्तेफा. द्रावा नदीकाठच्या बालवाडीत स्वयंपाक करते, आणि गोड बोलणं मला कधी जमलेलं नाही.

मुलं तिला तेता व्लास्ता म्हणतात. तेता म्हणजे मावशी. इथे सगळ्याच शिक्षिका मावश्या. पण पोरं भांडली की बाकीच्या मावश्या धावत जाऊन मध्ये पडायच्या, आणि व्लास्ता जवळ जाऊन नुसती बसायची. बहुतेक वेळा पोरं आपली आपणच मिटवायची. नवीन लागलेल्या शिक्षिकांशीही तिची हीच रीत. एखादी आई तणतणत आली, की ही नव्या पोरीलाच पुढे करायची. "तू बोल. मी मागे उभी आहे. अगदीच अडलीस तर खोकेन." पोरगी घामाघूम व्हायची, पण बोलायची. व्लास्ताला खोकायची वेळ फारशी आली नाही. घाबरट म्हणून आलेल्या कितीतरी जणी तिने अशा उभ्या केल्या. आता त्या माझ्याशीसुद्धा भांडतात.

हे आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे नेवेंकाबाईंना, दिसत होतं. त्यांना निवृत्तीचे वेध लागले होते. जेवणं झाली की मुलं खाटल्यांवर झोपतात, पडदे ओढले जातात, आणि या दोघी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर डोक्याला डोकं लावून बसायच्या. शिक्षिकांच्या पाळ्या कशा लावायच्या, नगरपालिकेतल्या साहेबाकडून छताची दुरुस्ती कशी करून घ्यायची, सगळं शिकवणं कुजबुजीत. हळूहळू शिकवणं मागे पडलं आणि ती कामंच व्लास्ताच्या गळ्यात आली. बाईंचे गुडघे दुखायचे, त्या डॉक्टरकडे जायच्या आणि ऑफिस व्लास्ता बघायची. तिची काही तक्रार नव्हती. "माझ्यानंतर मोठ्या बाई तूच," हे तिला रोज ऐकायला मिळत होतं. त्या शब्दाला साक्षीदार वर्गभर होते, पण सगळे गाढ झोपलेले, आणि वय वर्षं चार.

मध्येच नदीपलीकडच्या गावाने तिला विचारलं, आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाई म्हणून येता का. मी रव्याची खीर ढवळत होते, तेव्हा येऊन तिने सांगितलं. आनंदाने कान लाल झाले होते तिचे. मी म्हटलं, "जा. आजच हो म्हण." पण ती आधी गेली नेवेंकाबाईंना विचारायला. "अगं, परक्या पोरांसाठी आपली पोरं सोडून जाणार?" बाई म्हणाल्या. "थोडी कळ काढ. हे सगळं तुझंच तर आहे." व्लास्ताने पलीकडे नकार कळवला.

मग बाईंच्या जागेची जाहिरात निघाली. व्लास्ता अर्जाचं बोलली, तर बाई म्हणाल्या, "तू कशाला अर्ज करतेस? गावात म्हणतील, बाईंची खुर्ची गार व्हायच्या आधीच ही बसायला निघाली. मी निवड समितीला तुझं नाव सांगते. ते आपणहून बोलावतील तुला."

"मेले, अर्ज टाक," मी तिला म्हटलं. "बोलावतात ते लग्नाला."

"श्तेफा, तुला सगळेच चोर दिसतात," असं म्हणून ती हसली. अर्जाची मुदत गेली तरी हसतच होती.

एका सकाळी मी दुधाची किटली घेऊन व्हरांड्यातून जात होते. मुलं बूट काढून घरातल्या सपाता घालत होती, जो तो खुंटीवरच्या आपापल्या चित्राखाली, कोणी छत्रीखाली, कोणी भूछत्राखाली. समितीत पालकांतर्फे असलेली एक आई आली आणि तिने व्लास्ताला मिठीच मारली.

"काय बरं वाटलं सांगू. आम्हाला धास्तीच होती, तुम्ही ऑफिसात जाणार म्हणून. पण नेवेंकाबाई म्हणाल्या, तुम्हाला खुर्ची नकोच आहे, मुलांमध्येच राहायचंय. मग आम्ही वाराज्दिन शहरातली एक मुलगी निवडली."

"हो का," व्लास्ता म्हणाली. तिच्या हातात एक सपात होती. ती तिने समोरच्या पोराच्या उलट्या पायात घातली. पोराने मुकाट्याने काढून नीट घातली. किटली तिथेच ओतावी आणि ओरडावं असं मला वाटलं, पण ओरडायचा हक्क तिचा होता, आणि ती ओरडत नव्हती.

दुपारी मुलं झोपल्यावर नेवेंकाबाई नेहमीसारख्या कॉफीला स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग व्लास्ता. मी बाहेर जायला निघाले, तर म्हणाली, "थांब श्तेफा. कोणीतरी ऐकायला हवं."

मग बाईंकडे वळून, चांगल्या मोठ्या आवाजात, "मला खुर्ची नको असं मी तुम्हाला कधी म्हणाले?"

बाईंनी कॉफी ढवळली. "तुझ्या भल्याचंच केलं गं. ऑफिसात वाळून गेली असतीस. मुलांमध्ये तुझ्यासारखी पुन्हा मिळायची नाही. मोठ्या बाई काय, जाहिरात दिली की मिळतात."

"मग इतकी वर्षं मला काय शिकवत होतात?"

"माझे गुडघे बघतेस ना," बाई म्हणाल्या. "मला कोणीतरी लागत होतं."

लाजही वाटली नाही बाईला. मी हातातलं फडकं आपटलं, तर व्लास्ताने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"मग मदतीला ये म्हणायचं होतं," ती म्हणाली. "माझ्यानंतर तूच, असं कशाला म्हणत राहिलात?"

नेवेंकाबाईंना खरंच नवल वाटलं. त्यांनी चमचा बशीत ठेवला. "नुसतं मदतीला ये म्हटलं असतं, तर तू आली असतीस?"

"आले असते," व्लास्ता म्हणाली, आणि मुलांना उठवायला गेली.