इंझोरीवाल्या दोघी

“तुमच्या आईच्या पाठीचं ऑपरेशन कधी झालं होतं?” अकोल्याच्या मणक्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

“कधीच नाही.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मणक्यांत चार स्क्रू दिसत होते. “मग हा एमआरआय तुमच्या आईचा नाही.”

त्याच दुपारी नवा एमआरआय झाला. पॉट्स स्पाइन, म्हणजे मणक्याचा क्षयरोग. आणि कॉर्ड कम्प्रेशन, म्हणजे पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूवर पुवाचा दाब. “उद्याच ऑपरेशन करू,” डॉक्टर म्हणाले. “पण तीन आठवडे वाया गेले. डाव्या पायातली ताकद परत येईल, असं सांगता येत नाही.”

त्या तीन आठवड्यांसाठी हे लिहिते आहे. उद्या तुम्हीही असाच कागद हातात घेऊन उभे राहाल.

आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरी गावचे. आधी मायची पाठ ठणकायची, मग पायांना मुंग्या. पुढे पायातली चप्पल निसटायची आणि तिला कळायचंही नाही. वाशिमच्या एका सेंटरवर एमआरआय काढला. दोन दिवसांनी इंग्रजी रिपोर्ट आणि सोबत स्कॅनच्या चित्रांची फाइल मिळाली. मी शेवटची ओळ वाचली: मज्जारज्जूवर दाब नाही. आमच्या डॉक्टरांनीही तेवढीच वाचली आणि गोळ्या आणि व्यायाम लिहून दिले.

मी मायला रोज अंगणात चालवलं. ती पडायची.

“मशीन खोटं बोलते काय माय?” मी चिडून म्हणायची.

“मंग माहा पाय खोटं बोलून राह्यला काय?”

तीन आठवड्यांनी तिला अकोल्याला नेलं. ऑपरेशननंतर मी वाशिमच्या त्या सेंटरवर गेले. तिथल्या टेक्निशियनने सगळं सांगितलं. सेंटरच्या संगणकांवर कंटेनरची नवी व्यवस्था बसली होती. कंटेनर म्हणजे एक प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेली शिदोरी. कोणत्याही संगणकावर सोडा, चालू होते. एक कंटेनर मशीनकडून स्कॅन घेतो. दुसरा त्याचं डायकॉम हे दवाखान्यांत चालणारं स्वरूप बदलून साध्या चित्रांची फाइल करतो आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या बाहेरगावच्या डॉक्टरकडे पाठवतो. माणसाचा हात कुठेच लागत नाही. फाइलला नाव मिळतं पेशंटच्या नंबरचं.

“नंबरच्या रकान्यात आमी गावच टाकतो ताई,” तो खाली बघत म्हणाला. “हाक माराले सोपं पडते. त्या दिवशी इंझोरीवाल्या दोघी होत्या. नाव एकच, म्हणून दुसरीची फाइल तुमच्या मायच्या फाइलीवर बसली अन् मायची पुसली गेली. आधी मी डोळ्यानं जुळवून पाहत होतो. हे आलं अन् पाहाचं कामच उरलं नाही.”

एकच रिपोर्ट आला, तो दोघींच्या नावाने छापला गेला.

मी ओरडणार होते. पण त्या रिपोर्टच्या दुसऱ्या परिच्छेदात स्क्रूंचा उल्लेख होता. आमच्या घरात पोथीऐवजी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं होती. वाचा, तपासा, मग माना, असं छापलेली पत्रकं मी स्वतः चौकाचौकात वाटली आहेत. मायच्या वेळी मी एक ओळ वाचली. यंत्राने माणसाला गावाच्या नावानेच ओळखलं, कारण आपण त्याला तेच शिकवलं. गरिबाला नावाने हाक मारायची सवय आपल्याला यंत्राच्या आधीपासूनच नव्हती.

त्या टेक्निशियनचे मी आभार मानते. मशीनमधलं मायचं मूळ स्कॅन त्याला पुसता आलं असतं. त्याने सीडी करून माझ्या हातात दिली. म्हणून सांगते: सीडी मागा. रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचून घ्या. आणि माणूस दुखतं म्हणत असेल, तर आधी त्याचं ऐका.

डावा पाय परत आला नाही.

सहा महिन्यांनी तपासणीसाठी त्याच सेंटरवर गेलो. आतून हाक आली, “इंझोरीवाले!”

मी व्हीलचेअर ढकलू लागले. मायने चाक धरून ठेवलं.

पुन्हा हाक आली. मायने चाक सोडलं नाही. सगळी बाकं आमच्याकडे पाहू लागली. शेवटी टेक्निशियन स्वतः दारात आला, थबकला, हातातला कागद त्याने नीट वाचला.

“शांताबाई किसन वानखडे.”

“हाव,” माय म्हणाली. “ते मी हाय.” आणि चाक सोडलं.