ओल्या चुन्यातले हात

आमच्या किल्लारीत भिंतीला पाठ टेकून बसणारी माणसं अजूनही कमीच. जुनं गाव भूकंपात दगडामातीच्या भिंतींखाली गेलं. नव्या गावात सिमेंटची घरं मिळाली, तरी माझी सासू मरेपर्यंत अंगणातच झोपली. अशा गावात भिंती रंगवून पोट भरते ती पंचफुला.

तिची आईही भिंतीखालीच गेली. पंचफुला तेव्हा लहान होती. आईचा फोटो नाही, लुगड्याचा तुकडा नाही. चेहराही आता नीट आठवत नाही, असं ती कुंचला धुता धुता सहज सांगते.

कामाला मात्र महाखडूस. रंगाला हात लावण्याआधी भिंतीवर तळवा ठेवून उभी राहील. ओल लागली तर वाळू द्या म्हणून सरळ परत जाईल. जुने पोपडे पत्र्यानं खरवडल्याशिवाय, तेलाचे आणि हळदीचे डाग धुतल्याशिवाय ती चुना लावत नाही. लोकांना घाई असते. वरून पांढरं फासलं की झालं, असं त्यांना वाटतं, आणि पावसाळ्यात पोपडे सुटले की तिच्याच नावानं खडे फोडतात. माझं स्वयंपाकघर तिनं इतके दिवस अडवून ठेवलं होतं की मी तिला तोंडावर छळवादी म्हणाले. ती हसली आणि खरवडत राहिली.

माझ्या समोरच्या घरात शिवम्मा राहते. तिची मुलगी अंबिका भूकंपातून वाचली. या नव्या घरातूनच तिचं लग्न झालं. सासरी निघताना मुलीनं हळदीचे हात भिंतीवर उमटवायचे, ही त्यांच्या घरची रीत. अंबिकानं आतल्या खोलीत उमटवले आणि गेली, ती वर्षभरात पहिल्या बाळंतपणात कायमचीच गेली. तेव्हापासून शिवम्मानं त्या भिंतीवर पडदा टाकला. दिवाळीला सगळं घर रंगायचं, ती भिंत सोडून.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या मुलाचं, सोमेशचं, लग्न ठरलं. शिवम्मा डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला होती, तेवढ्यात त्यानं पंचफुलाला बोलावलं. नवी नवरी त्याच खोलीत राहणार, आणि तिनं पडदा सारला तर मेलेल्या बाईचे हात, हे त्याला नको होतं. अव्वा आली की रडेल, पण दोन दिवसांत विसरेल, असं तो आईबद्दल मला म्हणाला. मला त्याचा राग आला. पण लग्नघर त्याचं, मी कोण बोलणार?

मी चहा घेऊन गेले तेव्हा पंचफुला पत्रा हातात धरून त्या भिंतीपुढे उभी होती. पडदा काढलेला. हळद पार फिकी पडली होती, पण बोट न् बोट दिसत होतं. तिनं आपला तळवा त्या हातापर्यंत नेला आणि मागे घेतला. मग पत्रा खाली ठेवला.

"माझ्याच्यानं न्हाई होत," ती म्हणाली. "हात हाय तो बाईचा."

मग तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. न खरवडता, न धुता तसाच चुना मारला.

हळदीवर चुना पडला की ती लाल होते, हे घरी कुंकू केलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. तिलाही ठाऊक होतं. पण भिंतीतून ते दोन हात लालभडक वर आले तेव्हा ती कुंचला घेऊन दोन पावलं मागे सरली. सोमेश ते बघून ओरडतच आत आला. आणि जागीच थबकला, कारण त्या दोन हातांच्या खाली, आम्हा कुणाला कधी दिसला नव्हता असा तिसरा हात उमटत होता. अगदी एवढासा.

नेमकी त्याच वेळी शिवम्मा जीपमधून उतरून, एका डोळ्याला पट्टी बांधलेली, दारात येऊन उभी राहिली. आता ही छाती पिटणार, असं मला वाटलं. ती भिंतीजवळ गेली. लहान हाताकडे बोट करून म्हणाली, "त्यो तुजा हाय, सोमेश. अक्काला जाऊ देत नव्हतास. तिच्या हळदीत हात बुडवून तिथंच लावलास, अन् अक्का, इथंच ऱ्हाते म्हन, म्हनून रडलास."

सोमेशला यातलं काहीच आठवत नव्हतं. तो त्या हाताकडे बघत खाली बसला, समोरच्या भिंतीला पाठ लावून. पुन्हा खरवडायचं नाव त्यानं काढलं नाही.

चुना वाळला तसे हात विरले. पडदाही परत लागला नाही, झाकायला काही उरलंच नव्हतं. पण दसऱ्याच्या आधी शिवम्मानं पंचफुलाला बोलावणं धाडलं. तेव्हापासून दरवर्षी पंचफुला जाते आणि त्या एका भिंतीवर पातळ चुना ओढते. ओला असेपर्यंत हात वर येतात. सोमेशची बायकोही पोराला काखेत घेऊन बघते. बाहेर आल्यावर पंचफुला माझ्या ओट्यावर बसते, पाणी मागते आणि हातांना लागलेला चुना कितीतरी वेळ धूत राहते. चुन्याच्या दर हाताला थर वाढतोय आणि अंबिकाचा हात खोल चाललाय, असं ती म्हणते. मग लावतेस कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली की न लावता बी जाणारच हाय.

यंदा मीही गेले. पंचफुलानं चुना ओढला. आम्ही सगळे उभे. भिंत ओली झाली आणि पांढरीच राहिली. सोमेशनं मान फिरवली.

शिवम्मानं पुढे होऊन भिंतीवर तळवा ठेवला. "आली," ती म्हणाली. "दिसली का गं, पंचफुले?"

पंचफुला खोटं बोलणारी बाई नाही. ओल असलेली भिंत कोरडी आहे असं तिनं कधी कुणाला म्हटलेलं नाही.

"हाव, अव्वा," पंचफुला म्हणाली. "आली."